पत्ता असलेले दगड

डॉक्टर मंडळींना दगडांचं एवढं वेड का असतं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. कंपवाताच्या आजाराला ज्यांचं नाव मिळालं ते जेम्स पार्किन्सन लंडनमधल्या हॉक्स्टनला दवाखाना चालवायचे आणि उरलेला वेळ जीवाश्म जमवण्यात घालवायचे. त्या आजारावरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध १८१७ सालचा. पण त्याच्या दहा वर्षं आधी लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली तेव्हा ते संस्थापकांत होते आणि जीवाश्मांवरचे त्यांचे तीन जाडजूड खंड १८११ पर्यंत छापूनही झाले होते. ससेक्समधल्या लुईस गावचे गिडियन मँटेल हे दुसरे. दिवसभर बाळंतपणं आणि पडसं-खोकला, रात्री छिन्नी घेऊन दगडातली हाडं मोकळी करणं. इग्वानोडॉन हा डायनोसॉर जगापुढे आणला तो यांनीच, १८२५ मध्ये. या नादात वैद्यकी बसली, राहत्या घराचं संग्रहालय झालं आणि १८३९ मध्ये बायको घर सोडून गेली. बाईंची बाजू मला पूर्ण पटते.

तिसरे डॉक्टर इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या मार्गेट गावचे. आर्थर वॉल्टन रो, जन्म १८५८, मृत्यू १९२६. त्यांच्या नावाचा ना आजार आहे ना डायनोसॉर. पण खडूच्या कड्यातले सागरी अर्चिन (कवचावर काटे असलेले समुद्रप्राणी) आणि क्रिनॉइड (त्यांचेच फुलासारखे दिसणारे नातलग) यांचे जीवाश्म शोधत हिंडण्याचा जो छंद मला लागलाय, त्याचे ते माझ्या लेखी मूळपुरुष. आम्ही दोघं एकाच किनाऱ्यावर वाकून चाललो. मध्ये सव्वाशे वर्षं गेली, एवढंच.

मी साताऱ्याचा, नोकरीपायी केंटमध्ये येऊन राहिलेला. केंटच्या ईशान्य टोकाला थॅनेट नावाचा भाग आहे. मार्गेट, ब्रॉडस्टेअर्स, रॅम्सगेट ही लंडनकरांची जुनी हवा खायची गावं तिथली. या गावांच्या कडेकडेने खडूचे पांढरेफेक कडे समुद्रात उतरतात. आपण शाळेत ज्याने फळ्यावर लिहायचो तो खडू बहुतेक वेळा जिप्समचा असतो, हा अस्सल. डोळ्याला न दिसणाऱ्या शैवालांच्या चुन्याच्या चकत्या उबदार समुद्राच्या तळाशी साचत गेल्या, हजार वर्षांत मोजके सेंटिमीटर या गतीने, आणि त्याचा हा खडक झाला. थॅनेटचा खडू साधारण साडेआठ कोटी वर्षांपूर्वीचा. सह्याद्रीचा लाव्हा ओतला गेला तो साडेसहा कोटी वर्षांच्या सुमारास. म्हणजे लहानपणी ज्या अजिंक्यताऱ्याला मी जगाच्या आरंभापासूनचा समजत होतो, त्याच्याहून हे मऊ, नखाने खरवडता येणारे कडे जवळजवळ दोन कोटी वर्षांनी थोरले आहेत. आमच्या काळ्या कातळात गारगोट्या मिळतात, झिओलाइटचे देखणे स्फटिक मिळतात. समुद्र मिळत नाही. त्यामुळे दगडात प्राणी असतो ही गोष्ट मला पुस्तकातून ठाऊक होती, हाताला ठाऊक नव्हती.

ती हाताला कळली ती बॉटनी बेवर. नाव ऐकून ऑस्ट्रेलिया आठवेल, पण ही मार्गेटजवळची छोटी पुळण. उन्हाळ्यात पोरांच्या बादल्या-फावड्यांनी भरलेली, हिवाळ्यात कुत्री फिरवणाऱ्यांची. ओहोटीला पाणी बरंच मागे सरतं आणि कड्याच्या पायथ्यापासून आत समुद्रापर्यंत खडूचाच एक सपाट ओटा उघडा पडतो. लाटांनी घासून गुळगुळीत केलेला, शेवाळाने निसरडा. आमची शोधाशोध या ओट्यावर आणि कड्यावरून ढासळलेल्या ढिगाऱ्यात. हा सगळा किनारा शास्त्रीय महत्त्वाची जागा म्हणून कायद्याने संरक्षित आहे. उभ्या कड्याला हातोडा लावायचा नाही. जे आपणहून सुटून आलंय तेवढंच उचलायचं. तसाही कडा आपल्याला विचारून ढासळत नाही. हिवाळ्यात भेगांत शिरलेलं पाणी गोठतं, मग वितळतं आणि मोटारीएवढा तुकडा खाली येतो. त्यामुळे पायथ्याशी बसून डबा खायचा नाही, भरतीची वेळ आधी पाहायची, आणि परतीची वाट पाण्याखाली जाण्याआधी निघायचं. हे नियम पाळणारे लोक छंदात टिकतात.

पहिल्यांदा काहीच दिसत नाही. पांढऱ्यावर पांढरं. अधूनमधून चकमकीचे काळे गोळे, त्यावर पांढरी साय. माणूस दोन तास मान मोडून चालतो आणि त्याला शिंपल्याचे तुकडे मिळतात. मग कधीतरी नजर बसते, आणि बसते ती पाचावर. अर्चिन, तारामासा, क्रिनॉइड हे सगळे एकाच कुळातले, आणि या कुळाचं अंग पाचांत वाटलेलं असतं. निसर्गात चार सापडतात, सहा सापडतात, पण ओल्या खडूवर पाच बारीक टिंबांच्या रेघा एका जागेतून फुटलेल्या दिसल्या की ती भेग नसते, ओरखडा नसतो. तिथे थांबायचं.

मी सगळ्यात जास्त प्रेम करतो त्या अर्चिनचं नाव मायक्रास्टर. हाताच्या मुठीत मावणारा, वरून पाहिला तर पत्त्यातल्या बदामासारखा. एका बाजूला खाच, दुसरी बाजू निमुळती. पाठीवर पाच पाकळ्या खोलगट उमटलेल्या. कंदी पेढ्यावर ठसा मारतात ना, तसाच नेमका आणि तेवढाच उथळ. प्रत्येक पाकळीच्या दोन कडांना सुईच्या टोकाने पाडावीत अशी छिद्रं, जोडीजोडीने. या छिद्रांतून जिवंतपणी नळीसारखे मऊ पाय बाहेर यायचे, त्यांतून तो श्वास घ्यायचा. पालथा केला की पुढच्या कडेशी तोंड, आणि त्यावर खालून आलेला एक ओठ. मागच्या सपाट अंगावर गुदद्वाराचा गोल. कवचभर बारीक पुटकुळ्या, जिथे काटे बसलेले असत. काटे बहुतेक वेळा गेलेले असतात, कारण ते मासाने धरलेले. प्राणी मेला की गळून पडायचे.

आणखी एक खूण सांगतो, जी पुस्तकांपेक्षा किनाऱ्यावरची माणसं आधी शिकवतात. या कुळाच्या कवचाची प्रत्येक चकती म्हणजे कॅल्साइटचा, म्हणजे चुन्याच्या खनिजाचा, एकेक स्फटिक असतो. काटा असो, देठाचा मणी असो, फुटला की सपाट फुटतो आणि त्या फुटलेल्या अंगावर ऊन पडलं की लखकन चमकतो. शिंपल्याचा तुकडा असा चमकत नाही. कलत्या उन्हात, ओहोटीच्या वेळी, सूर्याकडे तोंड करून चालायचं आणि पायाखाली जे चमकेल त्याकडे वाकायचं. नाशिक-जळगावकडे दगडांच्या खाणीत कॅल्साइट पाहिलेल्या माणसाला ही चमक ओळखीची वाटेल. फरक इतकाच, की इथे ती एका प्राण्याने घडवलेली आहे.

आता डॉक्टर रो. त्यांच्या काळात खडूचे कडे हा एकसुरी पांढरा ढीग आहे, खालपासून वरपर्यंत सारखाच, असं बऱ्याच जणांना वाटे. लोक जीवाश्म गोळा करत, कपाटात मांडत, खाली चिठ्ठी लावत: 'खडू, केंट'. रो यांना ही चिठ्ठी पुरेशी वाटली नाही. कड्याच्या नेमक्या कोणत्या थरात, चकमकीच्या कोणत्या पट्ट्याच्या वर की खाली, हे लिहिल्याशिवाय ते मायक्रास्टर घेत नसत. दवाखाना सांभाळून ते हे वर्षानुवर्षं करत राहिले. साफसफाईसाठी दातांच्या डॉक्टरांचं कोरणी यंत्र वापरायचे. पाकळ्यांमधला खडू त्याशिवाय निघत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. असे अर्चिन मोठ्या संख्येने जमल्यावर ते थरांच्या क्रमाने मांडले, तेव्हा एक गोष्ट ढळढळीत दिसायला लागली. खालून वर जाताना अर्चिन बदलत होता.

बदल लहान होते, पण एकाच दिशेने. कवच रुंद आणि उंच होत गेलं. तोंड पुढच्या कडेकडे सरकलं, ओठ वाढत वाढत तोंडावर आला. पाकळ्या खोल झाल्या. आणि पाकळीच्या दोन छिद्र-रांगांमधली जी अरुंद पट्टी, ती आधी गुळगुळीत, मग तिच्यात शिवणीची रेघ, मग ती फुगलेली, मग मधोमध अर्धवट चिरलेली आणि शेवटी पूर्ण दुभंगलेली. रो यांनी या पायऱ्यांना नावं दिली. १८९९ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. सांगायचं तर, भिंग घेऊन पाकळीतली ती पट्टी पाहायची आणि कड्यात हा कुठे राहत होता ते ओळखायचं, अशी सोय त्यांनी करून ठेवली. डार्विन यांनी १८५९ मध्ये तक्रार केली होती की खडकांची वही फाटकी आहे, मधली पानं सापडत नाहीत. चाळीस वर्षांनी एका गावडॉक्टरने न फाटलेली पानं सलग मांडून दाखवली.

हे बदल कशासाठी झाले, याचा उलगडा बऱ्याच उशिरा झाला. डेव्हिड निकल्स यांनी १९५९ मध्ये आजच्या जिवंत हृदयाकृती अर्चिनांशी तुलना करून दाखवलं की ही सगळी गाळात अधिक खोल राहण्याची तयारी असावी. आजचे हे नातलग वाळूत बीळ करून राहतात, तोंडाशी येणारा गाळ गिळतात आणि श्वासासाठी वरपर्यंत धुराडं खणून ठेवतात. त्यांतला एक, ज्याला इथले लोक समुद्री बटाटा म्हणतात, वादळानंतर याच पुळणीवर येऊन पडतो. कागदासारखा पातळ, बोट लावलं की चुरा. एकाच बादलीत आजचा आणि साडेआठ कोटी वर्षांपूर्वीचा असे दोन्ही घेऊन मी घरी आलोय. बायकोने विचारलं, "यातला नवा कुठला?" प्रश्न वाजवी होता.

एवढ्यावर डॉक्टर थांबले नाहीत. १९०० ते १९०८ या काळात त्यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या पांढऱ्या खडूच्या थरांचं वर्णन पाच भागांत लिहिलं: केंट-ससेक्स, डॉर्सेट, डेव्हन, यॉर्कशायर, आइल ऑफ वाइट. नकाशांसाठी चार्ल्स डेव्हिस शेरबॉर्न बरोबर, आणि कड्यांचे फोटो काढायला हेन्री आर्मस्ट्राँग, जे मुळात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. यांतल्या कोणाचंही पोट खडूवर नव्हतं. मला हे चित्र फार आवडतं. सुट्ट्या काढून, बूट भिजवून, फूटपट्टीने कडा मोजत चाललेली ही प्रौढ माणसं. रो यांचा संग्रह आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे आणि अभ्यासकांना अजून कामाला येतो. तो येतो कारण प्रत्येक दगडाला पत्ता आहे. पत्ता नसता तर त्या सुंदर दगडांचं वजन करून ठेवण्यापलीकडे कोणी काही केलं नसतं.

किनाऱ्यावर मला एक निवृत्त बसचालक भेटतो. सत्तरी ओलांडलेला, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गळ्यात दोरीने बांधलेलं भिंग. काहीही दाखवलं तरी याचा पहिला प्रश्न ठरलेला: "पट्ट्याच्या वर की खाली?" पट्टा म्हणजे व्हिटेकरचा तीन इंची चकमक-पट्टा. जिऑलॉजिकल सर्व्हेचे विल्यम व्हिटेकर यांचं नाव मिळालेला हा चकमकीचा सलग थर इथल्या कड्यांतून आडवा धावतो आणि सगळ्यांची मोजणी त्याच्यापासून सुरू होते. त्याच्या खालच्या खडूत चकमकी भरपूर. वर गेलं की त्या जवळजवळ नाहीशा होतात. आणि त्या चकमक नसलेल्या वरच्या खडूत क्रिनॉइड आहेत.

क्रिनॉइड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सागरी कमळ येतं. लांब देठ, त्यावर पेला, पेल्याभोवती पिसारा. प्राणी असून फुलाचं सोंग. जुन्या चुनखडकांत याचे देठ इतके दाटीवाटीने असतात की खडक त्यांचाच बनलाय असं वाटावं, आणि बऱ्याचदा तो तसा असतोही. उत्तर इंग्लंडमध्ये लिंडिसफार्न बेटाच्या किनाऱ्यावर देठाचे सुटे मणी सापडतात. मधे भोक असल्यामुळे ते ओवता येतात. त्यांना सेंट कथबर्टचे मणी म्हणतात. सातव्या शतकातला हा साधू रात्री खडकावर बसून ते घडवतो अशी समजूत होती. डर्बीशायरचा असाच चुनखडक घासून चकचकीत केला की संगमरवरासारखा दिसतो. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये, १९५१ साली बांधलेल्या, तो आतून वापरलाय. मध्यंतरात लोक कॉफीच्या रांगेत उभे राहतात आणि मी देठांचे काप पाहत राहतो. बरोबर आलेल्यांना याची आता सवय झाली आहे.

थॅनेटचे क्रिनॉइड मात्र विक्षिप्त. त्यांना देठच नव्हता. मार्सुपाइट्स हा त्यांतला राजा. सोळा चकत्यांचा पेला: तळाशी मधोमध एक, तिच्याभोवती पाच, मग पाच, मग पाच. चकत्या पाचकोनी-सहाकोनी, पाठीवर किरणांसारख्या उठावदार रेघा. अख्खा पेला मिळणं दुर्मीळ. मिळते ती सुटी चकती, नखाएवढी. ओट्यावर पाणी सुकत आलं की ती जरा उशिरा सुकते आणि म्हणून किंचित गडद दिसते. ती दिसली की आपण कड्यात कुठे आहोत हे नकाशा न उघडता कळतं, कारण हा प्राणी पृथ्वीच्या इतिहासात फार थोडा काळ होता. त्याच्या जरा खालच्या थरात त्याचा भाऊबंद युइंटाक्रिनस. त्याचं नाव अमेरिकेतल्या युइंटा पर्वतावरून पडलंय. कॅन्ससच्या खडूत त्याचे थवेच्या थवे एकाच फरशीवर पसरलेले मिळतात, लांबलचक हात एकमेकांत गुंतलेले. मोठमोठ्या संग्रहालयांत त्या फरशा भिंतीवर टांगलेल्या असतात. आमच्या वाट्याला येतात ते त्याच जातीचे तांदळाएवढे सुटे तुकडे. पण कॅन्ससचा आणि केंटचा तो थर एका काळातला, हे सांगायला तेवढा तुकडा पुरतो.

क्रिनॉइड संपले असं एकेकाळी वाटत होतं, निदान देठवाले तरी जवळपास संपलेच असं. १८६४ मध्ये नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ खोल पाण्यातून देठाचा एक छोटा क्रिनॉइड जिवंत वर आला. समुद्राच्या तळाशी जुनी दुनिया जिवंत असेल या ओढीने पुढे ज्या खोल समुद्राच्या मोहिमा निघाल्या, चॅलेंजर जहाजाची १८७२ ची मोहीम धरून, त्यांच्या मागे या सापडण्याचा हात होता. आता पाणबुड्यांतून काढलेल्या चित्रफितींमुळे असंही दिसलंय की देठवाले क्रिनॉइड जागेवर खिळलेले नसतात. वेळ आली की देठ मागे ओढत, हातांवर सरपटत जातात. कोणापासून पळतात? अर्चिनपासून. काही काटेरी अर्चिन क्रिनॉइड खातात. ट्रायासिक काळातल्या, म्हणजे वीस कोटी वर्षांहून जुन्या, क्रिनॉइडांच्या देठांवरही अर्चिनच्या दातांच्या खुणा सापडल्या आहेत. हे वाचल्यापासून माझ्या कपाटातल्या अर्चिनच्या आणि क्रिनॉइडच्या फळ्यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. बिचारा मायक्रास्टर त्यातला नव्हे; तो चिखल खाणारा, शाकाहारी म्हणता येईल असा गृहस्थ.

आई साताऱ्याहून आली होती तेव्हा तिने हे कपाट उघडून पाहिलं. "एवढे पैसे खर्चून, एवढ्या लांब येऊन दगडच गोळा करायचे होते, तर आपल्याकडे काय कमी होते रे?" मग तिने एक चकमकीतला अर्चिन उचलला. घुमटासारखा, तळ सपाट, पाच रेघा माथ्यावर मिळालेल्या. एकायनोकोरिस म्हणतात त्याला. मृत कवचात चकमक भरून घट्ट झालेली, बाहेरचं कवच नंतर झिजून गेलेलं. असे शेतांत नांगराला लागतात, नदीच्या गोट्यांत सापडतात. इथले मेंढपाळ त्याला मेंढपाळाचा मुकुट म्हणत आणि घरी आणून खिडकीत ठेवत. वीज पडत नाही, दूध नासत नाही. सफकमध्ये हीच वस्तू परीचा पाव होती. चुलीजवळ ठेवली की घरात पावाला तोटा नाही. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे यांचा शाळिग्रामच की." आणि तो ताम्हनात ठेवावा तसा जपून परत ठेवला.

तिने सहज म्हटलं, पण ते शब्दशः खरं आहे. आमच्या देवघरातला शाळिग्राम, तुळशीच्या लग्नात जो नवरदेव असतो, तो गंडकीच्या पात्रातला अमोनाइट, म्हणजे समुद्रातल्या प्राण्याचा जीवाश्मच. आणि त्यालाही पत्ता लागतोच. गंडकीचा आहे का, असं विचारूनच तो घेतला जातो. इंग्लंडात ही ओढ तर फारच जुनी. डन्स्टेबलजवळच्या टेकडीवर वर्दिंग्टन स्मिथ यांनी १८८७ मध्ये एक कांस्ययुगीन थडगं उघडलं. त्यात एक स्त्री आणि एक मूल होतं आणि त्यांच्या सोबत दोनशेहून अधिक अर्चिनचे जीवाश्म. हॅम्पशरमधल्या लिंकनहोल्टच्या चर्चला खिडक्यांभोवती चकमकीचे अर्चिन बसवलेले आहेत. केंटमध्येच, स्वान्सकोम्बला, एक दगडी हातकुऱ्हाड सापडलीय, चारेक लाख वर्षांपूर्वीची. ती घडवणाऱ्याने दगडातला अर्चिन न फोडता राखलाय. तो आपल्या जातीचा, होमो सेपियन्स, नव्हताच. त्याला पाचाची रेघ दिसली होती, एवढं म्हणायला हरकत नाही. याहून जास्त अर्थ काढणाऱ्यांचं मला पटत नाही. अर्थ सांगायला तो माणूस उरला नाही.

महाराष्ट्रातून या छंदाकडे येणाऱ्याने निराश व्हायचं कारण नाही, फक्त नर्मदेपर्यंत जायला हवं. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात, बाघच्या परिसरात, लाव्ह्याच्या खाली क्रिटेशियस, म्हणजे थॅनेटचा खडू साचला त्याच भूयुगातल्या, समुद्राचा गाळ आहे. पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यात शिरलेला हात होता तो. त्यात अर्चिन आहेत, आणि त्यांचा अभ्यास करणाऱ्यांत आपलं नाव आहे: जी. डब्ल्यू. चिपळूणकर. बाघच्या अर्चिनांवरचे त्यांचे निबंध १९३७ आणि १९३९ मध्ये छापून आले. पुढे ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत होते. धार-इंदूरकडच्या मराठी घरांना बाघ म्हणजे लेणी आणि तिथली चित्रं ठाऊक असतात. लेण्यांच्या आसपासच्या शेतांच्या बांधांत समुद्र दडलाय, हे कमी जणांना ठाऊक. तिकडे जाऊन खिशात घालायला सुरुवात करा, असं मात्र मी सांगणार नाही. तिथली ठिकाणं मोजकी आहेत, डायनोसॉरच्या अंड्यांच्या चोऱ्यांनी तो भाग पोळलेला आहे. पाहावं, फोटो काढावा, जागा लिहून घ्यावी. कडा रोज ढासळून नवं पुढे येत नाही तिथे गोळा करण्याचा अर्थ वेगळा होतो. थॅनेटला आपण जे उचललं नाही ते पुढच्या दोन-चार भरत्यांत वाळू होतं, म्हणून उचलायचं.

आणि विकत तर घेऊच नये, असं माझं मत. मोरोक्कोचे क्रिनॉइड बाजारात ढिगाने आहेत. देखणे, काळ्या दगडावर पसरलेले. त्यांतले कित्येक दोन-तीन प्राण्यांचे तुकडे डकवून, रंग भरून एक केलेले असतात. आणि खरे असले तरी चिठ्ठीवर काय असतं? 'मोरोक्को'. रो यांच्या आधीची गोष्ट.

घरी आणल्यावरचं काम लांबट आणि कंटाळवाणं असतं, आणि मला ते शोधण्याइतकंच आवडतं. आधी गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं, रोज पाणी बदलायचं. खडूत समुद्राचं मीठ मुरलेलं असतं. ते तसंच सुकू दिलं तर मिठाचे स्फटिक फुगतात आणि कवच पापुद्र्यांनी सुटतं. त्या दिवसांत आमच्या न्हाणीघरात बादल्यांची रांग लागते. "एक तरी बादली आंघोळीला सोड," असं ऐकू येतं. मग दातांचा जुना ब्रश, शिवणाची सुई आणि संध्याकाळ. पाकळीतला खडू सुईने कणाकणाने निघतो आणि छिद्रांची जोडी एकेक करून उघडते. कधी कवचावर किड्याने बांधलेली वळवळती नळी दिसते, कधी इवल्या शिंपल्याचा बसका. म्हणजे हा मेल्यावर गाळातून वर आला, रिकामा पडून राहिला आणि कोणीतरी त्यावर बिऱ्हाड केलं. शेवटी चिठ्ठी: तारीख, पुळण, पट्ट्यापासूनचं अंतर, ओट्यावर की ढिगाऱ्यात. चिठ्ठी दगडाला लावायची, डब्याला नाही. डब्यांची झाकणं बदलतात.

सध्या एका मायक्रास्टरवरून माझं आणि त्या बसचालकाचं वाजलंय. किंग्जगेटच्या बाजूला पडलेल्या एका मोठ्या तुकड्यातून तो मी काढला. तुकडा पट्ट्याच्या वरून आला की खालून, हे ढिगाऱ्यात कळायला मार्ग नाही. पाकळीतली पट्टी भिंगाखाली पाहून तो म्हणतो खालचा. अर्धवट चिरलेली आहे, पूर्ण दुभंगलेली नाही. मी म्हणतो, माथ्याकडे पाहा, दुभंगलेलीच आहे, तुझं भिंग पुसून घे. मग मी अर्चिनच्या पोटाला चिकटलेला खडू पाण्यात कालवून चाळून घेतला. गाळात युइंटाक्रिनसचा एक तुकडा निघाला, त्याच्या कडेची फूट चमकणारी. म्हणजे वरचा. म्हाताऱ्याने तो तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "हा तुझ्या बुटाबरोबरही आला असेल." हे अगदीच अशक्य नाही, म्हणून जास्त राग आला. तुकडा अजून तिथेच आहे. पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला दोघांनी जाऊन त्याच्या आतल्या अंगाचा ताजा खडू आणायचा ठरलंय. डबा त्याचा, चाळणी माझी, आणि चाळणी आधी तो धुऊन तपासणार आहे.